शाळा नको असं मी म्हटलंच नव्हतं

माय, मी तुझ्यावर रागावले आहे. तू जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली आणि रागावायला मला आता सवड मिळाली. एरवी काही सांगायचं असलं की मी तुझ्या फोटोसमोर उभी राहून बोलते, पण हे तसं बोलता येईना. घर लहान आहे, सगळ्यांच्या कानावर जातं. म्हणून सुनेकडून एक जुनी वही मागून घेतली आणि ओट्यावर भाजीच्या शेजारी ठेवून लिहिते आहे. वेलांट्या चुकतील. मला शाळा किती मिळाली ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? जे काही येतं ते लेकाचा अभ्यास घेता घेता आलं. तो दुसरीत होता तेव्हा मीही दुसरीत होते, तो चौथीत गेला तोवर मी त्याच्या मागं मागं तिसरीत पोचले. पुढं त्याचं गणित अवघड झालं आणि मी शाळा सोडली.

पण आधी गोड ते सांगते, नाहीतर रागाच्या भरात राहून जाईल. तुला पणती झाली आहे. साडेचार वर्षांची आहे आणि घरात तिच्यापुढं कुणाचं काही चालत नाही. दिसायला सुनेवर गेली, बरं झालं. बोलायला माझ्यावर गेली, त्याला इलाज नाही. आपल्या शहराचं नाव आता बदललं, संभाजीनगर म्हणतात, आणि माझ्या तोंडून औरंगाबाद निघालं की ही बोट वर करून म्हणते, ‘आजी, तू चुकली.’ मला चुकलेलं आवडतं, म्हणून मी दिवसातनं दोन-चारदा मुद्दाम चुकते. सकाळी बालवाडीत निघताना तुझ्या फोटोला हात हलवायची, ‘मोठी आजी, टाटा.’ तुला पाहिलं नाही तिनं, पण तू तिच्या रोजच्या माणसांत आहेस. आता तुला टाटा का मिळत नाही, ते पुढं येईल.

मागं सुनेच्या माहेरची माणसं आली होती. मी म्हटलं, थांबा, गंमत दाखवते. ‘सांग गं पाहुण्यांना, पाणचक्कीवर तू काय केलं होतंस?’ पोरगी लगेच मधोमध येऊन उभी राहिली, हात मागं बांधले. ‘मी मोठ्या आजीची चप्पल हौदात टाकली. मग सगळे मासे आले. मासे म्हणाले, आम्हाला चप्पल नको, मुरमुरे पाहिजे.’ पाहुणे हसून हसून लोटपोट. तुला आठवत असेल, ती चप्पल माझ्या लेकानं टाकली होती, चार वर्षांचा असताना, आणि तू एका पायात चप्पल घालून रिक्षापर्यंत चालत गेलीस आणि वाटभर हसत होतीस. लेक म्हणाला, ‘अगं ए, ती मी टाकली होती.’ ‘नाय. पप्पा, तुम्ही तिथं नव्हतेच.’ ‘अगं, तू जन्मली पण नव्हतीस.’ ‘जन्मले होते. तुम्हाला दिसले नाही.’  मीच ती गोष्ट तिला भात भरवताना शंभरदा सांगितली, आणि सांगता सांगता कधी लेकाच्या जागी ती येऊन बसली ते मलाही कळलं नाही.

पाहुणे गेल्यावर सून म्हणाली, ‘आई, हसण्यावारी नेऊ नका. ती खोटं बोलत नाही, तिला ते खरंच दिसतं.’ सून पलीकडच्या वस्तीत अंगणवाडी सेविका आहे, दिवसभर तीस लेकरांत असते, तिला हे कळतं. म्हणाली, इतक्या लहानपणाचं लेकरांना आपसूक फारसं राहत नाही. घरातली माणसं जे परत परत बोलतात ते राहतं, आणि विचारायची पण रीत असते. ‘मग काय झालं, असं विचारलं की लेकरू स्वतःच्या डोक्यातून शोधून आणतं, वेळ लागतो, पण आणतं. असंच झालं ना, असं विचारलं की ते तुमच्या डोक्यातलं उचलतं आणि स्वतःचं म्हणून ठेवून घेतं.’ मी म्हटलं, ‘हे तुझं ट्रेनिंग बोलतंय.’ ती म्हणाली, ‘ट्रेनिंगमध्ये नुसतं ऐकलं होतं आई, घरी बघायला मिळालं.’ तेव्हा मी हसले आणि मटार सोलायला बसले. मटार यंदा गोड निघाले, तेही सांगून टाकते.

मलाही असंच एक पाठ होतं, माय. तुझ्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातलं. साठ पोरं शिकायला राहायची, त्यांच्या दोन वेळच्या भाकऱ्या तुझ्या हातून व्हायच्या, आणि मी परातीच्या पलीकडं बसून पिठाचे गोळे करून द्यायची. कुणी आलं, वस्तीतलं असो, विहारातलं असो, की तू म्हणायचीस, ‘सांग गं, शाळेला तू काय म्हणालीस?’ मी उठून उभी राहायची आणि सांगायची, ‘मला नको शाळा. मला मायजवळ राहायचं. मी भाकरी थापीन.’ आणि हवेतच खांबाला मिठी मारून दाखवायची. लोक हसायचे, कुणी हातावर गूळ ठेवायचं, कुणी शेंगदाणे. आणि ते मला नुसतं पाठ नव्हतं, मला ते दिसायचं. आजही डोळे मिटले की मी एका खांबाला घट्ट धरून आहे, गाल खांबाला टेकला आहे, कुणीतरी माझा हात ओढतंय, माझ्या तळव्यांना पांढरं लागलंय, फ्रॉकलाही पांढरं लागलंय, आणि मी नाही नाही म्हणून ओरडते आहे. मी जन्मभर समजून चालले की ते बोर्डिंगचं स्वयंपाकघर, आणि मला शाळेत न्यायला ओढतात. नवऱ्याला तेच सांगितलं, लेकाला तेच सांगितलं. घरातली ती ठरलेली गंमत झाली होती. ‘आमची आई शाळेला भिऊन खांबाला चिकटली होती.’

यंदा ती गंमत पणतीपर्यंत पोचली. सकाळी बालवाडीची वेळ झाली की ती दाराच्या चौकटीला मिठी मारते आणि ओरडते, ‘आजीसारखं!’ पहिल्या दिवशी सगळे हसलो. मग आठवड्यातले तीन-तीन दिवस ती घरीच राहायला लागली. सून रोज तोंड पाडून कामावर जायची. दुसऱ्यांची लेकरं गोळा करायला घरोघर फिरणारी बाई, तिचीच लेक घरात. एकदा म्हणाली, ‘आई, तुमची गोष्ट लई महागात पडली.’ मी म्हटलं, ‘आता झालं ते खरं आहे, मी काय करू?’

गेल्या महिन्यात तुझी जोडीदारीण आली. नवी नवी सून असतानाच बोर्डिंगमध्ये तुझ्या हाताखाली लागली होती ती, जिला मी मावशी म्हणते. आता चितेगावला लेकीकडं असते, जावई तिथं कंपनीत आहे. गुडघे गेले तिचे, पण डोकं शाबूत आहे. तिच्यासमोर पोरगीनं आपली नवी नक्कल केली, कपाटाच्या कडेला मिठी मारून. आम्ही हसलो. मावशी हसली नाही.

‘हे कुणी शिकवलं गं तिला?’

‘शिकवायला कशाला पाहिजे? माझंच आहे ना ते.’

‘तुझं नाय ते, बाय. तुझ्या मायचं हाय.’

मला वाटलं, वयानं घोळ होतोय. पण मावशी पाय पसरून नीट बसली आणि म्हणाली, ‘तू कवा शाळा नको म्हणालीस? तू तर लई येडी होतीस शाळेची. पीठ मळणारी बाई बाळंतपणाला गेली, आमी दोघीच उरलो, हात पुरंनात, तवा मायनं तुला घरी बसवलं. तर तू पाटी घेऊन पळायचीस. एक दिस नाय, तीन दिस. तिसऱ्या दिशी माय म्हणाली, चल गं माझ्यासंग, एकटीला आवरत नाय. आमी दोघी गेलो. तू खांबाला जी मिठी मारली, सोडंचना. म्या सोडवली तुझी बोटं, एकेक करून.’

‘बोर्डिंगच्या खांबाची बोटं ना, मावशी?’ बघ, मी किती गोंधळले होते, खांबाला बोटं लावली.

‘बोर्डिंगात कुठं व्हता खांब? पत्र्याचं दार आन् काळ्या भिंती. शाळेच्या व्हरांड्यातला खांब गं. ताजा चुना व्हता. तुझं फ्रॉक पांढरं झालं, माझा पदर पांढरा झाला.’

माय, धुरानं सगळं काळं झालेलं ते स्वयंपाकघर मी दहा वर्षं पाहिलं, त्याचा कोपरा न् कोपरा मला माहीत आहे. त्यात पांढरं कुठून येणार? एकोणसाठ वर्षं मी डोळे मिटले की तळव्यांना चुना बघते, आणि एकदाही मनात आलं नाही की हा आला कुठून. तेवढा चुना माझा स्वतःचा होता. बाकीचं सगळं तू त्याच्याभोवती रचलेलं होतं.

मग मावशीनं विचारलं, ‘गुरुजी आले व्हते ते आठवतं का?’ ते मला आठवतं. ते मला कुणी सांगितलेलं नाही, कारण ते कुणाला सांगण्यासारखं वाटलंच नाही कधी. गुरुजी पत्र्याच्या दारात उभे आहेत, हातात मिटलेली छत्री, पायात बूट म्हणून आत येत नाहीत. तुझे हात पिठात. ते म्हणतात, पोरगी हुशार आहे, पाठवा. तू मान वर न करता म्हणतेस, ‘पोरगीच नको म्हणते, गुरुजी. तिलाच विचारा. सांग गं.’ मी उठते. मी सगळं म्हणते, एक शब्द चुकत नाही. गुरुजी खाली वाकून विचारतात, ‘खरंच?’ मी तुझ्याकडं बघते. तू भाकरी थापते आहेस, थप थप थप. मी म्हणते, ‘खरंच.’ ते छत्री दुसऱ्या हातात घेतात आणि जातात. मावशी म्हणाली, त्याआधी आठ दिवस तू मला ते शिकवत होतीस, एका भाकरीला एक वाक्य, आणि भाकरी तव्यावर पडली की विचारायचीस, ‘असंच झालं ना?’ मी हो म्हटलं की पुढची भाकरी. आपल्या वस्तीत तेव्हा घरोघरी शाळेचंच बोलणं होतं, ज्याच्या त्याच्या तोंडी लेकरं शिकवा. विहारात गेलीस की तुला विचारायचे, पोरगी कितवीत? तुला मान खाली घालावी लागायची. म्हणून तू माझी घातलीस.

आणि गुरुजी आले त्याच दिवशी संध्याकाळी तू मला शहागंजात नेऊन बांगड्या भरल्यास. लाल, काचेच्या, दोन्ही हातांत सहा-सहा. मी ते लहानपणीचं सगळ्यात आनंदाचं म्हणून जपून ठेवलं होतं. लेकाच्या लग्नात बांगड्या भरताना कासारणीला मी ती गोष्ट सांगितली होती, रडले होते थोडी, चांगल्या अर्थानं. आता त्या बांगड्या कशाच्या होत्या ते कळलं. मावशीनं गुरुजींचं विचारलंच नसतं तर बरं झालं असतं.

घरी बसवलंस त्याचा राग नाही गं. मी पण संसार केला, हात कमी पडले की काय होतं ते मला कळतं. तू म्हणाली असतीस, पोरी, माझा नाइलाज आहे, तर मी महिनाभर रडले असते आणि मग गोळे करायला बसले असते. पण तू माझ्याच तोंडून वदवलंस. नऊ-दहा वर्षांची असेन, बोर्डिंगमधल्या एकानं भूगोलाचं पुस्तक खिडकीत ठेवलं होतं, मी हात पुसून चित्रं बघत होते. तू मागून आलीस. ‘आता कशाला पुस्तक? तूच नको म्हणाली होतीस ना?’ मी पुस्तक ठेवून दिलं आणि मला माझीच लाज वाटली. ती लाज मी आजवर बाळगली. साठ पोरांना वाढताना मनात यायचं, ही शहाणी आणि मी मूर्ख, मला मिळत होतं आणि मी लाथाडलं. लेकाला अभ्यासाला बसवताना सांगायची, माझ्यासारखा वेडेपणा करू नको. माझा वेडेपणा! तुला ऐकू जात होतं ते. तू तिथंच तांदूळ निवडत बसलेली असायचीस, आणि कधी तोंड उघडलं नाहीस. मरायच्या आधी सहा महिने माझ्याच घरात होतीस. वेळ काय कमी होता?

मावशी चितेगावला परत गेल्यावर आठ दिवस मला धड भाकरी थापता आली नाही. सुनेला कळलंच, तिला सगळं सांगितलं.  तिनं विचारलं, ‘आई, पोरीला काय सांगणार?’ तिला पोरगी शाळेत जायला हवी होती, तेवढंच. मला मात्र दोन्हीकडून ओढ. खरं सांगावं तर फोटोतली मोठी आजी खोटी पडते. न सांगावं तर पोरगी चौकटीला चिकटून राहते, आणि उद्या तिलाही वाटेल की शाळा नको म्हणणं ही आपल्या घरातली गोडच गोष्ट आहे. तीन दिवस मी नुसती धुसफुसत होते. लेक म्हणाला, ‘आई, बीपीची गोळी घेतली का?’ त्याला वाटतं सगळं बीपीनंच होतं.

सोमवारी सकाळी तिनं परत चौकट धरली. ‘आजीसारखं!’ मी उंबऱ्यावर बसले.

‘आजीनं असं केलं नव्हतं.’

‘केलं होतं. तूच सांगितलं.’

‘मी चुकीचं सांगितलं. आजीनं खांब धरला होता, पण शाळेतला. आजीला शाळेतून घरी न्यायला आले होते, आणि आजी निघतच नव्हती.’

तिनं चौकट सोडली नाही, पण ओरडायची थांबली. ‘कोण न्यायला आलं?’

‘माझी माय.’

‘फोटोतली?’

‘हो.’

‘मग तू मला उलटं का सांगितलं?’

‘मला तिनं तसंच शिकवलं होतं.’

‘खोटं?’

माय, इथं मला काहीही म्हणता आलं असतं. ती विसरली, तिचा गोंधळ झाला, तिला बरं नव्हतं. साडेचार वर्षांच्या लेकराला मी जे देईन ते ती ठेवून घेईल, आणि पुढं म्हातारी होईपर्यंत तिला ते दिसत राहील. सून पिशवी घेऊन मागं उभी होती. मी म्हटलं, ‘हो. खोटं.’

पोरगीनं तुझ्या फोटोकडं बघितलं, बराच वेळ, भुवया आकसून. ‘तिनं सॉरी म्हटलं?’

‘नाही.’

‘मग कट्टी घे.’

‘घेते.’

‘अशी नाय. बोट दाखव.’ पासष्टाव्या वर्षी मी तुझ्या फोटोला करंगळी दाखवली. पोरगीनं पण दाखवली. मग चौकट सोडली, सँडल घातली, उलटी घातली होती ती सुनेनं सुलटी केली, आणि तुला टाटा न करता निघून गेली. तेव्हापासून रोज जाते. बालवाडीतल्या बाईंना सांगून आली, ‘माझी आजी शाळेतून घरीच जात नव्हती.’ बाई मला रस्त्यात भेटल्या तर हात जोडून हसल्या. मी आता तिला पढवत नाही. संध्याकाळी विचारते, आज काय झालं, आणि तोंड मिटून बसते. फार अवघड जातं मला, तुला माहीत आहे. पण काय काय आणते ती! परवा म्हणाली, एका मुलीच्या डब्यात सावली होती. अर्ध्या तासानं कळलं की डबा रिकामा होता. मी तिला माझ्या ताटातलं अर्धं थालीपीठ त्या मुलीसाठी बांधून दिलं.

मला मात्र आता एक नवीनच झालंय. मावशीनं सांगितल्यापासून मला तो व्हरांडा दिसायला लागलाय. खांबांची रांग, आतून पाढे म्हटल्याचा आवाज, मावशीचे हात. हे मला आठवतंय की मावशीनं ठेवलंय? सुनेला विचारलं. ती म्हणाली, ‘आई, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.’ म्हणजे तू माझं खोटं तर केलंसच, पण आता खरंही माझ्या हाती धड येत नाही. याचा राग मला सगळ्यात जास्त आहे.

हे पत्र मी कुठं पाठवणार नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवायला मी तिथं इतक्यात येत नाही, पणतीचं पहिलीचं दप्तर घ्यायचं आहे मला. फक्त एक राहिलं. मावशीनं त्या दिवशी आणखी सांगितलं होतं. शाळेपासून बोर्डिंगपर्यंत सगळी वाट तू पुढं चालत रडत होतीस, मागं वळून बघत नव्हतीस, आणि पिठाला हात घालताना तिला म्हणालीस, हिला वाटू दे की हिनंच नको म्हटलं, म्हणजे हिचा जीव तरी जळणार नाही. हे मी पोरीला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती लगेच म्हणेल, आजी, बट्टी कर. तिच्यापुढं माझं चालत नाही, मला करावी लागेल. आणि माझी अजून तयारी नाही.